वाचनाचे पूर्वज : अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातील जर्मन वंशावळ

पूर्वजांचा शोध घेणे हा आपल्याकडे नवा उद्योग नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनी आपल्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे टिपून ठेवली, विसाव्या शतकात घराण्याघराण्यांचे कुलवृत्तान्त छापले गेले, आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून एका अर्थी साऱ्या महाराष्ट्राचाच कुलवृत्तान्त लिहायला घेतला. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निवर्तले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले, आणि धुळ्याहून अमळनेर फार दूर नाही.

युरोपातही हा शोध घरोघर चालतो. त्याची साधने मात्र वेगळी आहेत. जर्मनीत सर्व साम्राज्यभर जन्म-मृत्यू-विवाहांची नागरी नोंदणी १८७६ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या पिढ्यांसाठी चर्चच्या नोंदवह्यांकडे वळावे लागते, कारण बाप्तिस्मा, विवाह आणि दफन हे तिन्ही प्रसंग तेथे लिहिले जात. या कामात गावचे ग्रंथालय मोठे साहाय्य करते. जुनी वृत्तपत्रे, शहरवार नामसूची, स्थानिक इतिहास आणि या साऱ्यांत वाट दाखवणारा ग्रंथपाल अशी सामग्री तेथे एकत्र सापडते.

आम्हांला पडलेला प्रश्न असा, की अमळनेरसारख्या बोरी नदीकाठच्या गावात बसून कोणी जर्मन वा युरोपीय पूर्वजांचा शोध घेऊ म्हटले, तर त्याच्या हाती काय लागेल? प्रश्न प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. परंतु पूर्वज दोन प्रकारचे असतात, रक्ताचे आणि वाचनाचे. दुसऱ्या प्रकारच्या पूर्वजांबाबत अमळनेरइतके संपन्न गाव महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

१

आधी रक्ताच्या पूर्वजांचा विचार करू. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आला. पुढे भुसावळ हे रेल्वेचे मोठे केंद्र झाले आणि तेथे युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती वाढली. मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवण्याची पद्धत होती. त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि खानदेशात कोणा युरोपीयाचा मृत्यू झाला असेल तर त्याचा माग तेथे लागू शकतो. इकडे आपल्या ग्रंथालयात कँबेलच्या देखरेखीखाली १८८० मध्ये निघालेला खानदेश जिल्ह्याचा गॅझेटियर असतो. गाव, छावणी, रस्ता, अधिकारी यांचा संदर्भ त्यातून मिळतो.

या प्रकारातील सर्वांत परिचित उदाहरण मेजर रॉबर्ट गिल यांचे. मद्रास लष्करातील हा अधिकारी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमला गेला आणि मग त्याचे जवळजवळ सारे उर्वरित आयुष्य याच परिसरात गेले. त्याने लंडनला पाठवलेल्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. १८७९ मध्ये तो वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. अजिंठा गावात पारोच्या स्मरणार्थ त्याने उभारलेला दगड आहे, त्यावर १८५६ हे वर्ष आहे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे ही कथा मराठी वाचकांना ठाऊक झाली.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की गिलची नोकरी, त्याची बढती, त्याची छायाचित्रे, त्याचा मृत्यू या सर्वांची कुठे ना कुठे नोंद आहे. पारोच्या बाजूने शोध घेऊ म्हटले तर तो दगड आणि लोकांच्या तोंडची कथा यांपलीकडे फारसे काही हाती येत नाही. म्हणजे नोंदवही ही तटस्थ वस्तू नव्हे. कोणाला पूर्वज म्हणून सापडण्याची सोय करून ठेवायची आणि कोणाला नाही, हे नोंद करणाराच ठरवून ठेवतो. वाचनाच्या पूर्वजांकडे वळताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

२

श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. इंग्रजीत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी’ म्हणून आणि पुढे प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ही संस्था ओळखली गेली. शांकर अद्वैताचा अभ्यास हा तिचा मूळ हेतू होता. परंतु तो अभ्यास पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाशी तोलून पाहायचा, अशी तिची धारणा होती, आणि त्यामुळे शंकराचार्यांच्या शेजारी कांट, हेगेल येऊन बसले. १९२५ मध्ये संस्थेने ‘द फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक सुरू केले. एका तालुक्याच्या गावातून निघणारे हे इंग्रजी नियतकालिक देशभरच्या तत्त्वज्ञांचे व्यासपीठ झाले.

या कुळात सर्वांत वडील म्हणावा असा पुरुष इमॅन्युएल कांट. त्याचा जन्म १७२४ मध्ये कोनिग्सबर्ग येथे झाला. १९४६ पासून त्या शहराचे नाव कालिनिनग्राद आहे आणि ते रशियात आहे. कांट स्वतःच्या पूर्वजांविषयी काय समजत होता, हे येथे सांगण्याजोगे आहे. १७९७ मध्ये स्वीडनमधील एका बिशपने त्याच्या कुळाची चौकशी केली, तेव्हा आपले आजोबा स्कॉटलंडहून आले होते असे त्याने कळवले. पुढील संशोधकांनी नोंदी तपासल्या तेव्हा वेगळेच निघाले. त्याचे आजोबा मेमेल येथे, म्हणजे आजच्या लिथुआनियातील क्लायपेडा येथे, घोड्यांचे साज-पट्टे बनवण्याचा व्यवसाय करीत. पणजोबा त्याच मुलखात खाणावळ चालवीत. हे घराणे बाल्टिक किनाऱ्याच्या प्रदेशातले होते, स्कॉटलंडचे नव्हे. मानवी ज्ञानाच्या मर्यादा आखून देणारा हा तत्त्वज्ञ आपल्या पणजोबांविषयी अंधारातच राहिला.

या हकिकतीवरून आम्ही एवढेच सुचवू इच्छितो, की कौटुंबिक ऐतिह्य आणि नोंद यांत अंतर पडते, आणि ते मोठ्यांच्या घरातही पडते. ‘आमच्यावर पाश्चात्त्यांचा प्रभाव पडला’ किंवा ‘हे सारे आमच्याकडे आधीपासूनच होते’ अशी जी दोन ठराविक विधाने आपण साहित्याच्या वर्गात ऐकतो, तीही असेच कौटुंबिक ऐतिह्य असण्याचा संभव आहे. तेव्हा कागद तपासले पाहिजेत.

३

कागद तपासू लागलो, की ही जर्मन वंशावळ सरळ रेषेत जात नाही असे दिसते. दारा शुकोहने १६५७ मध्ये उपनिषदांचा फारसी अनुवाद सिद्ध केला. त्या फारसीवरून अँकतील-द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने लॅटिन भाषांतर केले, ते १८०१-०२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते लॅटिन पुस्तक शोपेनहॉवरच्या नित्य वाचनात राहिले. शोपेनहॉवरचा अनुयायी पॉल डॉयसन याने १८८३ मध्ये वेदान्तावर ग्रंथ लिहिला, १८८७ मध्ये शांकरभाष्याचे जर्मन भाषांतर केले आणि १८९३ च्या फेब्रुवारीत मुंबईला येऊन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे वेदान्त आणि पाश्चात्त्य तत्त्वमीमांसा यांच्या नात्यावर व्याख्यान दिले. उपनिषदे अशी दिल्लीहून फारसीत, पॅरिसमार्गे लॅटिनमध्ये आणि तेथून जर्मनमध्ये जाऊन कांटच्या सोबतीने मुंबईच्या बंदरात परत उतरली. ज्यांना आपण पूर्वज म्हणून शोधायला निघालो, ते अंशतः आपलेच वंशज निघतात.

याच काळात पुण्यात दुसरी शाखा फुटली होती. मार्टिन हाउग आणि त्यानंतर फ्रान्झ कीलहॉर्न यांनी पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवले, मुंबईत गेओर्ग ब्यूलर होते. आमच्या जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या वंशाची माहिती ज्यात कोरलेली आहे तो हा लेख. त्याची चिकित्सक आवृत्ती ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात कीलहॉर्न यांनी दिली. खानदेशातील एका ज्योतिर्विद कुळाची वंशावळ वाचून दाखवायला जर्मन पंडित लागला, ही गोष्ट अभिमानाची की खेदाची, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या मते ती केवळ वस्तुस्थिती आहे.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात जर्मन भाषेचा अभ्यास केला. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कांट, शोपेनहॉवर, डॉयसन ही नावे परकी पाहुणे म्हणून येत नाहीत. ती वादातील पक्ष म्हणून येतात. टिळक त्यांच्याशी कुठे सहमत होतात, कुठे त्यांना अपुरे ठरवतात, आणि हे सारे मराठीत, ‘वस्तुतत्त्व’ यांसारखे शब्द योजून करतात. तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना ‘गीतारहस्या’नंतर एकाच वर्षाने झाली, हे लक्षात घेतले म्हणजे अमळनेरचा उपक्रम आकाशातून पडला नव्हता हे पटते.

पूर्वजांचे दोषही पदरात घ्यावे लागतात. कांटने १७७५ मध्ये मानवी वंशांवर निबंध लिहिला आणि युरोपेतर समाजांविषयीची त्याची मते आज वाचताना मान खाली जाते. हेगेलने भारतीय विचाराला तत्त्वज्ञानाच्या इतिहासाच्या उंबरठ्यावरच थांबवले. अमळनेरच्या अभ्यासकांनी ज्यांना आपल्या कपाटात मानाची जागा दिली, त्यांनी आपल्या घरात अमळनेरला जागा ठेवली नव्हती.

४

आता १९३३ या वर्षाकडे वळू. त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये जर्मनीत सरकारी नोकरांविषयीचा कायदा झाला. त्यानुसार नोकराचे आई-वडील आणि आजी-आजोबा कोण होते, हा प्रश्न त्याच्या भाकरीशी जोडला गेला. १९३५ च्या न्यूर्नबर्ग कायद्यांनी तो नागरिकत्वाशी जोडला. लोक चर्चच्या कचेऱ्यांपुढे रांगा लावून आजोबा-आजींच्या बाप्तिस्म्याचे दाखले मागू लागले. इतिहासप्रेमींच्या विरंगुळ्याची साधने असलेल्या त्या नोंदवह्या शासनाच्या हातातील शस्त्र झाल्या. दाखला ज्या शब्दाच्या नावाने मागितला जात होता तो ‘आर्य’ हा शब्द संस्कृतातून भाषाशास्त्राच्या वाटेने युरोपात गेलेला होता. भाषाकुळाची कल्पना रक्ताच्या कुळावर लादली गेली की काय होते, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी याहून स्पष्ट कुठे पाहावे?

या कायद्याच्या छायेत हँबुर्ग विद्यापीठ सोडून देशाबाहेर गेलेल्यांत एर्न्स्ट कासिरर होते. कांटच्या समग्र ग्रंथांचे त्यांनी संपादन केले होते, कांटचे चरित्र लिहिले होते, १९२९-३० मध्ये ते त्या विद्यापीठाचे प्रमुखही होते. ते ज्यू होते, एवढ्यावरून कांटच्या भूमीने कांटच्या एका थोर वारसाला परके ठरवले.

आणि त्याच १९३३ मध्ये कृष्णचंद्र भट्टाचार्य अमळनेरच्या संस्थेचे संचालक म्हणून आले. त्यांचा ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा छोटा पण अतिशय कठीण ग्रंथ १९३० मध्ये अमळनेरनेच प्रसिद्ध केला होता. १९३३ मध्येच घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या अमळनेरच्या तिघा अभ्यासकांचा ‘अज्ञान’ हा ग्रंथ लंडनहून निघाला. अद्वैतातील अविद्येच्या कल्पनेची ती तिघांनी तीन बाजूंनी केलेली चिकित्सा आहे. पुढे मूर्तींनी १९५५ च्या आपल्या माध्यमिक बौद्धमतावरील ग्रंथात नागार्जुन आणि कांट यांना समोरासमोर बसवले. रासविहारी दासांनी कांटच्या शुद्ध बुद्धीच्या चिकित्सेवर विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले.

भट्टाचार्यांनी कांटला वडील मानले, पण त्याची री ओढली नाही. कांटचे म्हणणे थोडक्यात असे, की आत्म्याचा विचार करणे बुद्धीला भाग पडते, नैतिक श्रद्धेचा तो विषयही होतो, परंतु त्याचे ज्ञान होऊ शकत नाही. भट्टाचार्यांनी हे उलटे केले. त्यांच्या मते आत्मा विचाराचा विषयच होऊ शकत नाही. मात्र विचारावाचून त्याचे ज्ञान होण्याची शक्यता मान्य केली पाहिजे. ‘मी’ हा शब्द उच्चारणारा त्यातून जे सुचवतो, ते ऐकणाऱ्याला त्याच रूपात कधीच मिळत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी पायाला घेतली. त्यावर देह, मन आणि आत्मा अशा पायऱ्यांनी विषयापासून सुटत जाणाऱ्या ‘विषयी’चे स्वातंत्र्य त्यांनी मांडले. प्रश्न कांटचा, पण उत्तराला वेदान्ताच्या घरातून वाट काढलेली. वारसा सांगण्याची ही रीत आम्हांला मोलाची वाटते. बाप्तिस्म्याच्या दाखल्याने सिद्ध होणाऱ्या नात्याहून वादाने सिद्ध होणारे हे नाते अधिक खरे होते.

५

भट्टाचार्यांचे १९३० च्या आसपासचे ‘स्वराज इन आयडियाज’ हे भाषण त्यांच्या मृत्यूनंतर, १९५४ मध्ये छापले गेले. साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचावे असे आम्हांला वाटते. राजकीय गुलामगिरी डोळ्यांना दिसते, पण विचारांची गुलामगिरी दिसत नाही, कारण ती आवडू लागते, असा त्यांचा रोख आहे. परकी कल्पना घेणे म्हणजे गुलामगिरी, असे ते म्हणत नाहीत. आपल्या परंपरेशी तुलना न करता, झुंज न होऊ देता एक विचारव्यूह दुसऱ्याच्या जागी येऊन बसतो, तेव्हा ती गुलामगिरी होते. आणि विचारांचे स्वराज्य यावयाचे तर आपल्या भाषेत विचार करण्यावाचून गत्यंतर नाही, हेही ते सांगतात.

या शेवटच्या मुद्द्यावर अमळनेरचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला शिल्लक कमी दिसते, हे कबूल केले पाहिजे. ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’, ‘अज्ञान’, ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे सारे इंग्रजीत झाले. स्वभाषेत विचार करण्याचे आवाहनही इंग्रजीतच झाले. देशभरच्या विद्वानांना ते वाचता आले, पण अमळनेरच्या बाजारपेठेतील वाचकापर्यंत ते कितीसे पोहोचले असेल?

त्याच गावात दुसरी एक वाट होती. साने गुरुजी प्रथम तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले आणि १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. गुरुजींनी टॉलस्टॉयचा कलाविषयक ग्रंथ ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणला, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून ‘दुःखी’ लिहिली. तत्त्वज्ञान मंदिराची काटेकोर चिकित्सा तेथे नाही. परंतु युरोपीय पूर्वजांची ओळख खानदेशातील शाळकरी मुलाला त्याच्या आईच्या भाषेत करून देण्याचे काम त्यांनी केले. एका वाटेने सखोलता मिळाली, दुसरीने पोहोच मिळाली. या दोन वाटा एका गावात असूनही त्यांची भेट पुरेशी झाली नाही, ही आमच्या मते अमळनेरच्या आणि एकंदर मराठी वैचारिक जीवनाच्या इतिहासातील खरी हानी आहे.

६

१९५२ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष कृ. पां. कुलकर्णी होते. ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’चा हा कर्ता म्हणजे शब्दांच्या पूर्वजांचा शोध घेणारा माणूस. त्यानंतर २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वे संमेलन पुन्हा अमळनेरला भरले, आणि त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये कांटच्या जन्माला ३०० वर्षे झाली. या दोन घटना कोणी एकत्र पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्या एकत्र पाहता येतात, अशी ज्या थोड्या गावांची योग्यता आहे त्यांत हे गाव बसते.

मग विद्यार्थ्याने काय करावे? वंशावळ शोधणारा जसा नोंदवहीपासून आरंभ करतो, तसा त्याने ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीपासून आरंभ करावा. पुस्तक कोणत्या वर्षी आले, विकत घेतले की देणगीने मिळाले, मूळ जर्मन आवृत्ती होती की इंग्रजी भाषांतर, हे त्या एका ओळीत असते. मग पुस्तकाचे शिक्के पाहावेत, समासातील पेन्सिलीच्या खुणा पाहाव्यात, शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरील तारखा पाहाव्यात. कोणत्या काळात कांट वाचला गेला आणि कोणत्या काळात त्यावर धूळ बसली, हे त्या तारखा सांगतील. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे, तसेच साने गुरुजींच्या नावाचे सार्वजनिक ग्रंथालय व मोफत वाचनालयही आहे. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर गुरुजींची वाट आणि भट्टाचार्यांची वाट वाचकांच्या हातांत तरी कुठे मिळाल्या होत्या का, हे कळू शकेल. असे काम खानदेशातील एखाद्या मराठीच्या वा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घेतले, तर त्याला विषयासाठी परगावी जाण्याचे कारण पडणार नाही.

दाखल-नोंदवह्यांचा कागद फार काळ टिकत नाही. वाळवी, ओल आणि जुने दप्तर निकालात काढण्याची घाई यांपुढे त्याचा निभाव लागणे कठीण. तीर्थोपाध्यायांनी आपल्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, कारण त्यांत यजमानाचे कूळ होते आणि त्यावर त्यांचे पोट होते. आपले वाचनाचे कूळ ज्या वह्यांत आहे, त्या जपण्यात कोणाचे पोट गुंतलेले नाही. म्हणूनच ते काम शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले पाहिजे, आणि ते करताना पारोच्या दगडाची आठवण ठेवली पाहिजे. ज्याची नोंद राहिली नाही असा वाचकही या गावात होऊन गेला असेल.